तुमचं अक्षर किती मिलीमीटरचं आहे?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई पस्तिशीतल्या आहेत, दिवसभर काम कीबोर्डवर. गेले काही महिने रोज रात्री पानभर डायरी लिहितायत, बॉलपेनने, आणि मिटिंगच्या नोट्सही आता वहीतच घेतात. पहिलं फाउंटन पेन घ्यायचंय आणि गाडं अडलंय निबच्या साइजवर. मैत्रीण म्हणते नवशिक्याने डोळे मिटून मीडियम घ्यावी, ऑफिसातला एकजण म्हणतो तुझं अक्षर बारीक आहे तर एक्स्ट्रा फाइन, व्हिडिओ बघून बघून डोक्याचा भुगा झालाय, आणि कार्टमध्ये एकच पेन एफ (फाइन, म्हणजे बारीक) आणि एम (मीडियम, म्हणजे मध्यम) अशा दोन निबांमध्ये तीन महिने पडून आहे. घरचे हसतात. त्या लिहितात, 'एकदाच घ्यायचं तर सोन्याच्या निबचं घेऊन टाकावं का? चुकलं तर परत या वाटेला जाणार नाही. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं, आता बघवत नाही. कुठल्या निबने सुधारेल? ता. क. शाई काळी घेऊ की निळी?' सोबत डायरीच्या एका पानाचा फोटो.

नमस्कार,

खरं सांगू का, पत्र वाचायच्या आधी मी फोटोच मोठा करून बघितला. साधी आखीव वही, दोन ओळींत आठेक मिलीमीटर अंतर असतं तसली, आणि तुमच्या अक्षराचं अंग, म्हणजे मात्रा-उकार सोडून शिरोरेषेपासून खालपर्यंत, ओळीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. अडीच मिलीमीटर धरू. अजून एक गोष्ट दिसली जी तुम्ही लिहिलेली नाही. उजेड तिरका पडलाय आणि पानाच्या पलीकडच्या बाजूला लिहिलेलं अलीकडे उठून आलंय, शाई नाही, नुसते उंचवटे, बोटाने वाचता येतील असे. तुम्ही दाबून लिहिता. बॉलपेनवर वाढलेले आपण सगळेच लिहितो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण निब निवडताना ही गोष्ट मैत्रीण आणि ऑफिसवाला दोघांच्याही सल्ल्यापेक्षा महत्त्वाची आहे. त्यावर येतेच.

आधी ते एफ-एम प्रकरण. तुम्ही, मैत्रीण आणि ऑफिसवाला, तिघंही असं धरून चाललाय की एफ म्हणजे एक ठराविक जाडी आणि एम म्हणजे दुसरी ठराविक जाडी, जसं चपलेचा नंबर. चपलेचा नंबरसुद्धा कंपनीगणिक बदलतो हे आपल्याला माहीत असतं, मग निबकडून काय अपेक्षा. एफ म्हणजे नक्की किती याचं सगळ्या कंपन्या पाळतात असं कुठलंही माप नाही. प्रत्येक कंपनी स्वतःच्या मापाने एफ म्हणते. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांच्या निबा युरोपातल्यांपेक्षा साधारण एक पायरी बारीक असतात, कारण त्यांच्या लिपीत एकेका अक्षरात दहा-पंधरा रेघा त्या इवल्याशा चौकोनात बसवाव्या लागतात. जपानी एफ कागदावर ०.३ ते ०.४ मिलीमीटरची रेघ काढते, लामी किंवा पेलिकनसारख्या जर्मन कंपनीची एफ ०.५ ते ०.६ ची. म्हणजे जपानी एम ही बऱ्याचदा जर्मन एफच्या बरोबरीने किंवा तिच्याहून बारीकच चालते. मैत्रीण म्हणते ती मीडियम जपानी की जर्मन हे तिला विचारलंत का? बहुतेक नसेल विचारलं, कारण कोणीच विचारत नाही.

बरं यात अजून एक मेख आहे. पेन कुठल्या देशाचं आहे यावरूनही छातीठोक सांगता येत नाही, कारण कितीतरी पेनकंपन्या निब स्वतः बनवतच नाहीत, जर्मनीतल्या योवो किंवा बॉक या निब बनवणाऱ्यांकडून विकत घेतात. तैवानच्या पेनावरसुद्धा जर्मन निब असू शकते आणि मग ती जर्मनसारखीच जाड चालते. म्हणून पेनाच्या वर्णनात एफ-एम नका शोधू, मिलीमीटर शोधा. प्लॅटिनमच्या प्रेपीचं मला म्हणूनच कौतुक वाटतं, साधं प्लॅस्टिकचं पेन पण पेनावर सरळ ०२, ०३, ०५ असं छापलेलं, म्हणजे ०.२, ०.३, ०.५ मिलीमीटर, विषय संपला.

आता मिलीमीटर कळले तरी आपल्याला किती लागतात? इथे मी तुम्हाला पट्टी घेऊन बसवणार आहे. इंग्रजी छोटा 'ई' घ्या. त्यात वरपासून खालपर्यंत तीन आडव्या रेघा येतात, वरची कमान, मधली दांडी, खालचा पेला. तुमचं अक्षर अडीच मिलीमीटर. रेघ ०.८ ची असेल तर तीन रेघांतच २.४ संपले, पांढरं उरलं ०.१, म्हणजे अक्षराच्या जागी एक निळा मणी. रेघ ०.५ ची असेल तर १.५ रेघांचे आणि १ मिलीमीटर पांढरं, दोन फटींत वाटून अर्धा अर्धा. वाचता येतं, सुटसुटीत दिसतं. रेघ ०.३ ची घेतली तर पांढरंच जास्त, अक्षर नीट दिसतं पण जरा अशक्त, आजारातून उठल्यासारखं.

देवनागरीत हे अजून बोचतं. आपल्याकडे म आणि भ, य आणि थ, घ आणि ध यांच्यात फरक काय, तर डावीकडच्या कोपऱ्यातली ती एवढीशी गाठ आणि तिथे तुटलेली शिरोरेषा. जाड निबने बारीक अक्षर काढलं की पहिली ती गाठ बुजते, मग शिरोरेषेची फट बुजते, आणि 'बिल भरलं' याचं 'बिल मरलं' होतं. माझ्या एका जुन्या वहीत अख्खं पान असं आहे, संदर्भावरून वाचावं लागतं. जोडाक्षरं तर विचारूच नका, 'ज्येष्ठ' आणि 'धृतराष्ट्र' हे दोन शब्द कुठल्याही निबची परीक्षा घ्यायला पुरेसे आहेत. मी तेच लिहून बघते. जगभरची माणसं नवी निब हातात आली की गोल गोल वेटोळी काढतात आणि म्हणतात वा काय गुळगुळीत चालते, अहो वेटोळी कुठलीही निब छान काढते, तुम्ही डायरीत वेटोळी लिहिणार आहात का.

तर माझा अंदाजपंचे नियम असा की अक्षराच्या अंगाची उंची भागिले पाच, फार तर सहा. अडीच मिलीमीटरवालीला ०.४ ते ०.५ ची रेघ. तीनवाल्याला ०.५ ते ०.६. चार मिलीमीटरचं ऐसपैस अक्षर असेल तर ०.७-०.८ खुशाल घ्या, त्या माणसाला जर्मन एमच शोभते, बारीक निबने त्याचं पान रिकामं रिकामं दिसेल. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्याच वह्या मोजून काढलाय, पण अजून तरी फसवलेलं नाही. आणि मोजताना मुद्दाम नीट काढलेलं अक्षर मोजू नका हं, मिटिंगमध्ये घाईत लिहिलेलं मोजा, दहा अक्षरं मोजून मधलं धरा.

पट्टीवर विश्वास नसेल तर दुसरी युक्ती, पेन घ्यायच्या आधी करता येण्यासारखी. ०.३८, ०.५, ०.७ आणि १.० अशी चार जेल पेनं कुठून तरी गोळा करा, विकत घ्यायची गरज नाही, ऑफिसात चारजणांकडे चार असतात. तुमच्याच वहीत तोच परिच्छेद चारींनी लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातभर अंतरावरून वाचा. कुठला बघवतो ते कळेल. फक्त एक लक्षात ठेवा, जेल पेनावरचा आकडा आतल्या बॉलचा असतो, रेघेचा नसतो, रेघ त्याहून बारीक पडते. म्हणजे ०.५ चं जेल आवडलं तर तुमची निब जपानी एफच्या जवळपासची, आणि १.० चं आवडलं तर जर्मन एफच्या आसपासची.

आता कागद. निबबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि वही कुठली यावर एक शब्द नाही, म्हणून हे जरा लांबणार. फाउंटन पेनाची शाई पाण्यासारखी पातळ असते. बॉलपेनची शाई घट्ट लगद्यासारखी, ती कागदावर वर वर बसते. पातळ शाई कागदाच्या धाग्यांत शिरते, आणि कागद जर टीपकागदासारखा पिणारा असेल तर रेघेला बाजूने केसासारखे फाटे फुटतात आणि पाठीमागे उमटतं, ज्याला आपण सरळ शाई फुटली म्हणतो. निब ०.५ ची, रेघ ०.७ ची दिसते, आणि दोष बिचाऱ्या निबला. अशा वहीवर एक पायरी बारीक निब घेणं हा खरोखर उपाय आहे कारण ती शाईच कमी सोडते. उलट कागद चांगला असेल तर तीच जाड निब सुंदर दिसते, शाई वर थांबते, रेघ जिथे सुरू होते तिथे फिकी आणि संपते तिथे गडद अशा छटा दिसतात. बारीक निबमध्ये त्या छटा जवळपास मरतात. लोक मीडियमच्या प्रेमात पडतात ते यासाठी, आणि तुम्ही बघितलेले व्हिडिओ बहुतेक सगळे चांगल्या कागदावर काढलेले असतात हेही त्यात आलं.

जाड कागद म्हणजे चांगला कागद असं मात्र नाही. कागद बनवताना त्यावर पाणी चटकन शिरू नये म्हणून सायझिंग करतात, खरा फरक त्याने पडतो. तोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद ५२ जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ५२ ग्रॅम), इतका पातळ की पलीकडचं सावलीसारखं दिसतं, पण शाई आरपार जात नाही आणि फुटतही नाही. आणि मी १०० जीएसएमच्या दिमाखदार डायऱ्या पाहिल्यात ज्यांत अनुस्वार दिला की टिकलीएवढा होतो. तुमच्या वहीची परीक्षा सोपी आहे. एखाद्या शाईपेनवाल्या माणसाला शेवटच्या पानावर चार ओळी लिहायला सांगा, त्यात एक अनुस्वार मुद्दाम दोन सेकंद पेन टेकवून द्यायला सांगा, आणि पान उलटा. अंथरूण पाहून पाय पसरावे तसं हे, वही पाहून निब. वही ऑफिसने दिलेली असेल आणि बदलता येणार नसेल तर प्रश्न तिथेच अर्धा सुटला, बारीककडे जा.

अजून एक आपल्या लिपीचीच गंमत, जी बाकीच्यांच्या सल्ल्यात येणारच नाही. तुम्ही शिरोरेषा अक्षरागणिक देता की शब्द पूर्ण झाल्यावर एकदम? फोटोवरून वाटतंय शब्द झाल्यावर, कारण रेघ एकसलग आहे आणि शेवटी थोडी वर गेलीये. मीही तशीच देते. यात काय होतं, आधीची उभी दांडी अजून ओली असते आणि तिच्यावरून निब आडवी जाते, जिथे जिथे दांडी आणि रेघ भेटते तिथे शाईचा छोटा थेंब साचतो. बारीक निबला हे जाणवतही नाही, ओलसर चालणाऱ्या जाड निबला शिरोरेषा मण्यांची माळ दिसायला लागते. डावखुऱ्या वाचकांचा त्रास वेगळा, त्यांचा तळहात ओल्या ओळीवरून जातो, त्यांनाही बारीक निब आणि पटकन सुकणारी शाई बरी पडते.

एवढं वाचून वाटेल की मी आता एक्स्ट्रा फाइनच सांगणार. नाही. इथे ते दाबून लिहिणं येतं.

निब म्हणजे धातूचं पान, मधोमध चीर, चिरेच्या दोन बाजूंना दोन पाती, आणि टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जो कागदाला टेकतो. शाई त्या चिरेतून आपोआप खाली येते, केशाकर्षणाने, दाबायची गरजच नाही, पेनाचं स्वतःचं वजन पुरतं. बॉलपेनला दाब लागतो कारण बॉल फिरवायचा असतो. ती सवय घेऊन आपण फाउंटन पेनावर आलो की दोन पाती फाकतात, एफ एमसारखी चालायला लागते, आणि फार जोर लावला तर पाती कायमची फाकून बसतात. त्यात निब एक्स्ट्रा फाइन असेल तर टोक इतकं छोटं की दाबल्यावर ते कागदावरून घसरत नाही, ओरबाडतं. धागे सुटतात, चिरेत अडकतात, आणि मग बारीक निब केसाळ जाड रेघ काढते. माणूस म्हणतो पेन खराब आहे.

मी म्हटलं ना, माणूस म्हणतो, तो माणूस मीच. माझं पहिलं पेन एक्स्ट्रा फाइन होतं, बारीक अक्षर म्हणून घेतलेलं, अगदी तुमच्या ऑफिसवाल्याच्या हिशोबाने. कर्रकर्र आवाज करायचं. मी कुठेतरी वाचलं की बारीक पॉलिश पेपरवर घासलं की गुळगुळीत होतं, म्हणून बसले घासत. पाच मिनिटं घासलं, लिहून बघितलं, अजून पाच मिनिटं. आवाज थांबला आणि पाठोपाठ शाईही थांबली, कारण टोकावरचा मणी मी एका बाजूने सपाट करून टाकला होता. नंतर एका जाणत्या माणसाने भिंगातून बघून सांगितलं की मुळात दोन पाती वरखाली होती, एक केसभर वर, एक केसभर खाली, नखाने हलकंसं रेटलं असतं तरी झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तेव्हा पेन खरखरतंय वाटलं तर आधी भिंगातून समोरून बघा, दोन्ही पाती एका पातळीत आहेत का ते, आणि पॉलिश पेपर घरात असेल तर कोणाला तरी देऊन टाका.

मीडियम नवशिक्याला द्यावी असं का म्हणतात ते आता कळेल. टोक मोठं असलं की पेन थोडं वाकडं धरलं, थोडं फिरलं, थोडं दाबलं तरी चालवून घेतं. मैत्रिणीचं अजिबात चुकलेलं नाही. फक्त ती पेन कसं चालतं याचं उत्तर देतेय, ऑफिसवाला पान कसं दिसेल याचं देतोय, आणि तुम्ही दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नाची समजून तीन महिने तराजू धरून बसलाय.

तर तुमच्यासाठी. अक्षर अडीच मिलीमीटर, वही साधी, हात दाबरा, मिटिंगमध्ये वेग. ०.५ च्या आसपासची रेघ. म्हणजे कार्टमधलं पेन जपानी असेल तर एम, युरोपियन असेल तर एफ. तुम्ही पेनाचं नाव दिलेलं नाही म्हणून दोन्ही सांगितलं, पण उत्तर एकच आहे. ईएफ, म्हणजे एक्स्ट्रा फाइन, आत्ता नको, दोन्हीकडची नको. सहा महिन्यांनी पानाच्या मागे उंचवटे यायचे बंद झाले की मग हौसेने घ्या.

आणि 'एकदाच घ्यायचं' हा हट्ट जरा बाजूला ठेवूया का? तुम्ही निब निवडताय, लग्न नाही ठरवत. कितीतरी पेनांची निब बदलता येते. लामी सफारीची निब चिकटपट्टीचा तुकडा लावून पुढे ओढली की निघते, दुसरी सरकवून बसवायची. काहींची निब फीडसकट आट्याने फिरवून निघते, फीड म्हणजे निबखालचा तो खाचांचा काळा भाग. पहिलं पेन असं घ्या की ज्याची सुटी निब मिळते, मग एफ चुकली तर एम आणायची, पेन तेच. त्यातही एक बारकावा सांगून ठेवते, जाड निब जाणकार कारागिराकडून घासून बारीक करता येते, बारीक निब जाड करता येत नाही, मणीच तेवढा नसतो तर करणार कशातून. म्हणून दोन मापांत अगदीच टांगणी लागली असेल तर जाडकडे झुकलेलं परवडतं. तुमच्या बाबतीत टांगणी नाहीये, हे इतर वाचकांसाठी.

सोन्याची निब नको. म्हणजे आयुष्यभर नको असं नाही, पहिली नको. सोनं जरा लवचीक असू शकतं, हाताला वेगळं लागतं, हे खरं, पण कागदाला टेकतो तो मणी सोन्याचा नसतोच, सोनं त्या कामाला फार मऊ. स्टीलच्या निबलाही टोकाला तसाच कठीण मणी असतो. पूर्वी त्यात इरिडियम वापरायचे म्हणून अजूनही त्याला इरिडियम पॉइंट म्हणतात, आज आत इरिडियम असेलच असं नाही. गुळगुळीतपणा त्या मण्याच्या पॉलिशवर ठरतो. आणि दाबऱ्या हाताला लवचीक सोनं म्हणजे पाती फाकवायला आमंत्रण.

पेन हातात घेऊन बघायची संधी मिळाली तर सोडू नका, पण दोन ठिकाणी फसाल. दुकानात निब नुसती शाईत बुडवून देतात, तशी ती नेहमीपेक्षा ओली चालते, रेघ खरी असते त्याहून जाड दिसते. आणि समोर ठेवलेला कागद मस्त गुळगुळीत असतो. तुमच्या वहीचं एक पान फाडून घेऊन जा, चार-पाच ओळी लिहा, बुडवलेली शाई कमी होत जाते तसं काय होतं ते बघा. धृतराष्ट्र विसरू नका.

नवीन पेन घरी आलं की शाई भरायच्या आधी साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून दोन-तीनदा आत-बाहेर करा, मग नुसत्या पाण्याने. कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं, त्याने शाई अडखळते आणि लोक निबला नावं ठेवतात. गरम पाणी नको.

स्टब निबबद्दल तुम्ही विचारलेलं नाही पण व्हिडिओ बघताय म्हणजे ती मोहात पाडणारच, म्हणून दोन शब्द. १.१ ची स्टब म्हणजे टोक चपटं, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक. इंग्रजीत शोभून दिसतं. देवनागरीत शिरोरेषाच आडवी, तीच बारीक झाली की शब्द छप्पर उडाल्यासारखा दिसतो. आपला बोरू तिरका कापायचे, तोही रोमन लिखाणाच्या उलट अंगाला, तेव्हा कुठे अक्षराला ते भरदार वळण यायचं. शिवाय अडीच मिलीमीटरच्या अक्षरात १.१ ची रेघ, हिशोब तुम्हीच करा.

राहिलं अक्षर सुधारायचं. इथे मला जरा जपून बोलायला हवं, कारण पत्रातलं ते एकच वाक्य मला खरं पत्र वाटलं, बाकी सगळं निबबद्दल होतं. नाचता येईना अंगण वाकडं हे आपण ऐकलेलं असतं, पण अंगण सरळ केलं की नाचता येईल ही आशाही तितकीच जुनी. कुठल्याही निबने अक्षर सुधारत नाही. शाईपेन एक मात्र करतं, घाई केली की लगेच चुगली करतं, शाई पसरते, रेघ तुटते, त्यामुळे हात आपसूक थोडा हळू होतो आणि दाबणं सुटायला लागतं. दाब सुटला की मनगट मोकळं होतं, अक्षराला वळण यायला जागा होते. हे होतं, पण काही आठवड्यांत, आणि आधी थोडं बिघडतं, कारण हलक्या हाताने लिहायची आपल्याला सवयच नसते. पहिल्या पंधरा दिवसांतलं अक्षर बघून पेन कपाटात टाकू नका.

बरं, शाळेतलं अक्षर चांगलं होतं म्हणता, तेव्हा ते किती मिलीमीटरचं होतं? जुनी वही सापडली तर मोजा. माझं मोजलं तेव्हा चार निघालं, आता अडीच आहे. अक्षर बिघडलं नव्हतं, आकसलं होतं. ऑफिसच्या वहीच्या समासात, फॉर्मच्या चौकोनात, कशाच्या तरी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून लिहून. मी डायरीत मुद्दाम एक ओळ सोडून तीनचं लिहायला लागले आणि त्याच पेनाने, त्याच निबने गाठी सुटल्या. तुमचंही डायरीत तसं झालं तर डायरीपुरती एखादी जाड निब नंतर घ्या, मिटिंगच्या वहीला ही ०.५ वाली राहू दे.

कार्टमधली दुसरी निब आजच काढून टाका, नाहीतर चौथा महिना लागेल.

ता. क. ला ता. क.: निळी घ्या, त्यातही धुता येणारी साधी निळी. पहिल्या महिन्यात बोटं, बाही आणि पिशवीचा तळ यांतलं काहीतरी नक्की रंगणार आहे. काळी शाई म्हणून इंडिया इंक, म्हणजे चित्रकलेची काळी शाई, मात्र कधीच भरू नका, त्यात बहुतेकदा लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, तो आत सुकला की पेन गेलं.